सोमवार वजा

शुक्रवारी दुपारी पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल, कोऱ्या पावत्यांचे एक पुस्तक आणि मी करणार असलेल्या चौकशीचा अहवाल एवढे सामान होते. अहवाल टाइप झालेला होता. आमच्या समितीचे अध्यक्ष अनुभवी गृहस्थ. चौकशी झाल्यावर अहवाल लिहायला बसले की फार वेळ जातो, हे त्यांना पुरते ठाऊक होते. खाली माझ्या सहीपुरती जागा सोडली होती, आणि ती सही मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लातूरच्या कचेरीत करायची होती.

मी गणिताचा मास्तर. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी गणिते रचण्याच्या समितीवर अकरा वर्षे होतो आणि त्या अकरा वर्षांत माझ्या एकाही गणितावर बोट ठेवायची कोणाची छाती झाली नव्हती. निदान मला तसे वाटत असे. त्या वर्षीचे माझे आवडते गणित असे होते: एक कुटुंब सुट्टीत सहलीला गेले. शनिवारी निघाले, मंगळवारी परतले. एकूण खर्च ४८० रुपये झाला. त्यातले २५ टक्के हॉटेलात खाण्यावर गेले. तर हॉटेलात खाण्यावर रोज सरासरी किती खर्च झाला? चारशे ऐंशीचे पंचवीस टक्के एकशे वीस, भागिले चार, उत्तर तीस. माझ्या मते यात वाद घालायला टाचणीएवढीसुद्धा जागा नव्हती.

उदगीरच्या एका शाळेतल्या गायकवाड गुरुजींनी मात्र पत्र पाठवले. त्यांच्या शाळेतल्या महानंदा नावाच्या मुलीने या गणिताचे उत्तर चाळीस लिहिले होते आणि ते बरोबर आहे, असे गुरुजींचे म्हणणे होते. तिला शिष्यवृत्ती आणि लातूरच्या वसतिगृहात जागा मिळायला नेमका एक गुण कमी पडत होता. पत्राच्या शेवटी लिहिले होते, 'गणित करणाऱ्यांनी एकदा इकडे येऊन पाहावे.' अध्यक्षांना हे वाक्य फार लागले. ते म्हणाले, तुम्ही जाच, आणि शनिवारपासून मंगळवारपर्यंतच जा, म्हणजे त्यांना बोलायला जागा राहणार नाही.

खर्चाची व्यवस्था अशी होती. लातूर जिल्हा नव्यानेच झालेला, त्याला पैसे खर्च करायचा सराव व्हावा म्हणून माझा भत्ता तिथल्या कचेरीने द्यायचा होता. हॉटेलात खाल्ल्याच्या पावत्या दाखवायच्या. रोजची सरासरी दहा रुपयांच्या आत असेल तर पूर्ण पैसे मिळणार. वर गेली तर दिवसाला दहाच. पावत्यांचे पुस्तक मी त्यासाठीच घेतले होते, कारण चहावाला पावती देत नाही हे मला चाळीस वर्षांच्या चहापानातून कळलेले होते.

मनमाडला गाडी बदलून शनिवारी सकाळी नांदेडला उतरलो. स्टेशनाबाहेर पहिले दर्शन घडले ते रांगेचे. बाया, बापे, सायकली, आणि या सगळ्यांच्या पुढे ओळीने मांडलेल्या घागरी. माणसे सावलीला बसली होती आणि रांगेत घागरी उभ्या होत्या. कोणाची घागर कोणाच्या पुढे सरकली की सावलीतून आवाज येई. सलग दोन वर्षे पावसाने पाठ फिरवली होती. गोदावरी पाहायला गेलो तर पात्रात मुले विटीदांडू खेळत होती आणि पाणी पलीकडच्या काठाशी अंग चोरून पडले होते.

घाटाजवळच्या हॉटेलात खिचडी-खट्टा (मसुरीची खिचडी आणि चिंचेचे आंबट सार, निजामाच्या राज्याने इथे ठेवलेली ही एक चांगली गोष्ट) खाल्ला. भिंतीवर पाटी होती: 'पाणी चहाबरोबर मिळेल. नुसते मिळणार नाही.' मी पाण्यासाठी दोन चहा घेतले. पावतीचे पुस्तक पुढे केले तेव्हा मालक सही करण्याआधी वर पाहून म्हणाला, "खाल्लेलं बी लिहून द्यावं लागतंय व्हय?" मी म्हणालो, सरकारी कामात लागते. तो म्हणाला, "मग उपाशी असलेलं कोण लिहून देतंय?" मी सहीची जागा दाखवली. सही मात्र त्याने छान वळणदार केली.

उदगीरच्या उत्तरपत्रिका नांदेडच्या एका कचेरीत ठेवल्या होत्या. जुना जिल्हा म्हणे, गाव आता आमचे नाही. नवा जिल्हा म्हणे, गाव आमचे आहे पण कपाट नाही. तेव्हा तिसऱ्याच जिल्ह्यातल्या कपाटात त्यांची सोय झाली होती. तिथल्या कारकुनाने माझी सही घेऊन महानंदाची उत्तरपत्रिका बरोबर न्यायला काढून दिली. बाकी सगळी गणिते स्वच्छ होती, माझ्यापेक्षा तिचा पाचाचा आकडा चांगला होता. माझ्या गणिताखाली एकशे वीस भागिले तीन, बरोबर चाळीस, आणि कडेला बारीक अक्षरात दोन शब्द: 'सोमवार वजा.'

मी ते दोन शब्द तीनदा वाचले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि रागच आला. शिवभक्तांच्या घरची पोर, सोमवारचा उपास धरून बसली आहे! गणितात उपास? उद्या एखादा म्हणेल, एकादशी धरा. दुसरा म्हणेल, रोजे धरा. मग भागाकार करायचा कशाने? संध्याकाळी दुसरे जेवण घेतले, दिवसाचे चौदा रुपये झाले, आणि माझे उत्तर तीसच आहे अशा समाधानात लॉजवर झोपलो. अंघोळीला अर्धी बादली मिळाली. मालकाने ती दारात ठेवली आणि मी आत घेईपर्यंत तिथेच उभा राहिला.

रविवारी सकाळी एसटीने मुखेडला गेलो. गायकवाड गुरुजींचे घर तिथे होते. रविवारी घरी असतो, सोमवारी बरोबरच उदगीरला जाऊ, असे त्यांनी कळवले होते. वाटेत माळरान, पुन्हा माळरान, मध्येच दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांच्या ओळी. बसमध्ये शेजारी बसलेल्या फेटेवाल्याने विचारले, "काय कामाला जाऊन राहिले साहेब?" मी त्याला गणित सांगितले. त्याने बोटांवर दिवस मोजले.

"चार दिसाला चारशे ऐंशी," तो म्हणाला. "अन् सहलीला. हे कुटुंब कुणाचं म्हणायचं? तहसीलदाराचं का?"

"कोणाचेच नाही. गणितातले आहे."

"तरी बी कुठलं तरी असंलच की," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

मुखेडच्या स्थानकावर गायकवाड गुरुजी उभे होते. चाळिशीचे, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. नमस्कार झाले. ते म्हणाले, "चला साहेब, घरी जेवण तयार हाय. मंडळींनी सकाळपासून चूल पेटवलीय." आणि इथे मी जे केले त्याची मला अजून लाज वाटते. दिवस दुसरा होता, पावती हवी होती, आणि चौकशी करणाऱ्याने ज्याची चौकशी आहे त्याच्या घरी जेवू नये, असे काहीबाही मनात होते. मी म्हणालो, "नको, मी हॉटेलातच जेवतो."

गुरुजींचा चेहरा बदलला नाही. फक्त वाट दाखवायला उचललेला हात खाली आला. ते माझ्याबरोबर हॉटेलात आले, समोर बसले, मी भाकरी, तुरीचे वरण आणि ठेचा खाल्ला, त्यांनी नुसता चहा घेतला. हॉटेलवाल्याने सही केली तेव्हा मी हसत म्हटले, "काय करणार, पावती लागते."

"हाव," गुरुजी म्हणाले. "आमच्या घरी जेवायचं न्हाई म्हणलं की लई जणांना काही ना काही लागतंय."

तेव्हा कुठे मला उमगले. गुरुजींच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर असणार, त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली असणार, आणि पुण्याहून आलेला एक पाहुणा त्यांच्या चुलीवरचे नको म्हणत होता. ही कारणे त्यांनी जन्मभर ऐकली होती. माझे कारण त्यात फक्त छापील होते. मी सांगायचा प्रयत्न केला. पण दहा रुपयांच्या सरासरीची गोष्ट त्या क्षणी इतकी भिकार वाटली, की अर्ध्यातच थांबलो. संध्याकाळच्या खाण्यासकट त्या दिवशी दहा रुपये झाले.

सोमवारी पहाटेच्या बसमध्ये मीच त्यांना विचारले, "गुरुजी, डब्यात काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग डबा उघडला. धपाटी (ज्वारीच्या पिठात बेसन, तिखट, लसूण घालून थापलेली भाकरी) आणि शेंगदाण्याची चटणी. मी तीन खाल्ली. चौथे त्यांनी न विचारता वाढले आणि मग आम्ही माणसासारखे बोलू लागलो.

मी विचारले, "तुम्ही सोमवार धरता?"

"म्या? न्हाई साहेब. माझ्या घरी सोमवारी मटण बी शिजतंय, मिळालं तर. म्या असतो तर चारनंच भागलं असतं."

"मग मुलीचं उत्तर बरोबर कसं म्हणता?"

"तुम्ही कुटुंबाचं नाव दिलं न्हाई," गुरुजी म्हणाले. "कांबळे म्हणाले असते तर चार. लिंगायतांचं स्वामी म्हणाले असते तर तीन. नाव न्हाई म्हणल्यावर लेकरू आपल्याच घरचं धरणार. तुम्ही बी तुमच्याच घरचं धरलं की."

यावर मी खिडकीबाहेर पाहणे पसंत केले. काल तो फेटेवाला का पाहत होता ते कळले.

उदगीरला उतरलो तेव्हा ऊन चढले होते. धान्याचा हा मोठा बाजार. एरवी इथे पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढावी लागते म्हणतात. त्या दिवशी रस्ता मोकळा होता, तागड्या (तराजू) आडव्या ठेवलेल्या आणि हमाल झाडाखाली पत्ते खेळत बसलेले. महानंदाचे वडील मन्मथअप्पा यांचे छोटे दुकान तिथेच, मागे घर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात धुवट बंडी. "शरणार्थ (त्यांच्यातला नमस्कार)," म्हणाले. आतून बाईंचा आवाज आला, "बर्री, बर्री," म्हणजे कानडीत या, या. उदगीरला माणूस एका वाक्यात दोन राज्ये फिरून येतो.

महानंदा बाहेर आली. बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या, बोटांना शाई. भीती म्हणून नव्हती. मी मास्तरी आवाज लावला. "तीनने का भागलंस?"

"मधी सोमवार हाय."

"गणितात उपास लिहिलेला नाही."

"गणितात झोपल्याचं बी लिहिलेलं न्हाई. झोपले असतीलच की."

अप्पा दटावायला लागले, मी त्यांना थांबवले. "बरं, मग सोमवारी त्या माणसांनी काय खाल्लं?"

ती जराही अडखळली नाही. "दिवसभर काई न्हाई. दिवे लागल्यावर अंघोळ, पूजा, मग बांधून नेलेलं. लाह्या, शेंगदाणे, गूळ. आई प्रवासात तेच देतीया. पाणी मातुर मागावं लागलं असंल कुणाला तरी." मग थोडे थांबून म्हणाली, "लहान लेकरू असंल तर त्याला दूध. पण त्याला हॉटेलचा खर्च कसा म्हणायचा?"

अकरा वर्षे मी कुटुंबांना सहलीला पाठवत होतो. त्यांच्याबरोबर लहान लेकरू होते का, हे मला कधी माहीत नव्हते.

अप्पांनी बाजू मांडली ती अशी. आवाज मुद्दाम हलका ठेवून बोलत होते, पण पोरीला ऐकू जात होते. "वर्ष असं गेलं साहेब. आवक न्हाई, दुकान उघडून नुसतं बसायचं. वसतिगृह मिळालं तर लातूरला शिकंल. न्हाई तर बीदरला तिच्या मावशीकडं धाडावं म्हणतो, मावशीला शिलाईच्या कामाला माणूस पायजे."

"आणि शाळा?"

"झाली की सातवीपर्यंत."

महानंदाने खाली पाहिले नाही. तिने माझ्याकडे पाहिले. पिशवीतला टाइप केलेला अहवाल मला एकाएकी जड वाटू लागला.

दुपार झाली. घरात चूल थंड होती. संध्याकाळच्या पूजेपर्यंत कोणी काही खाणार नव्हते. पहाटेची धपाटी कुठल्या कुठे गेली होती. शिवाय सोमवारची पावती पुस्तकात नव्हती, आणि खरे सांगायचे तर सोमवारी माणूस हॉटेलात खातो हे सप्रमाण सिद्ध करायची खुमखुमीही होती. किल्ला पाहून येतो म्हणून मी एकटाच बाहेर पडलो आणि थेट स्टँडजवळच्या हमीदभाईंच्या हॉटेलात शिरलो. हॉटेल चालू होते, भजी तळत होती, चार-सहा जण खात होते. म्हणजे माझा मुद्दा जिंकल्यात जमा होता.

"एक प्लेट भजी आणि पाव."

हमीदभाईंनी झारा थांबवला. "तुमी अप्पाकडं आले ना? पुण्याचे?"

"हो."

"मग आज कसं देऊ? सोमवार है."

"अहो, माझा नाही सोमवार."

"पण पाहुणे अप्पाचे हैत ना," ते समजुतीने म्हणाले. "संध्याकाळी अप्पा इथून जातंय. त्यानं विचारलं, हमीद, माझा पाहुणा तुझ्याकडं खाऊन गेला व्हय, तर मी काय सांगू? त्याच्या घरातला दिवा लागायचाय अजून. चहा घ्या तुमी. चहा चालतंय उपासाला."

मी वाद घातला. शेजारच्या टेबलावरचा एक हमाल भजी खात खात मला म्हणाला, "काढा की साहेब आजचा दिस. सांच्याला भगर मस्त करत्यात त्यांच्याकडं." अख्ख्या गावाने मिळून माझा उपास ठरवला होता. चहाचे पैसेही हमीदभाईंनी घेतले नाहीत, आणि फुकट चहाची पावती कशी करायची हे मला ठाऊक नव्हते. पुस्तक बंद करून परतलो.

संध्याकाळी दिवा लागला. अप्पांनी तळहातावर लिंग घेऊन पूजा केली, घर इतके शांत झाले की माझ्या पोटाची तक्रार सर्वांनी ऐकली. मग भगर, शेंगदाण्याची आमटी, गुळाचा खडा. गुरुजीही जेवायला होते, माझ्या शेजारच्याच पाटावर. पाणी वाढताना बाई भांडे अर्धेच भरत आणि संपले की पुन्हा अर्धे भरत, म्हणजे उष्टे पाणी फुकट जायला नको. जेवताना महानंदाने मला विचारले, "तुम्ही आज हॉटेलात कायच खाल्लं न्हाई?" मी म्हणालो, नाही. तिने गुळाचा आणखी एक खडा माझ्या पानात ठेवला. माझी गुर्मी मात्र अजून उरली होती. एका माणसाचा उपास म्हणजे काही नियम होत नाही, असे मी स्वतःला बजावले.

मंगळवारी सकाळी आम्ही चौघे लातूरला आलो. गुरुजींनी रजा टाकली होती, अप्पांनी दुकान बंद ठेवले होते. नव्या जिल्ह्याचे गाव नव्या जावयासारखे तोऱ्यात होते. जुन्या इमारतींवर ओल्या रंगाच्या पाट्या, प्रत्येक पाटीत 'जिल्हा' हा शब्द, आणि पाटीखाली कचेरी कुठल्या खोलीत आहे हे विचारणारी माणसे. जिल्हा झाल्यापासून साहेब वाढले आणि साहेबांमुळे थाळी महागली, असे हॉटेलवाल्यानेच सांगितले. माझ्या एकट्याच्या खाण्याचे बारा रुपये झाले. बाकी तिघांनी घरून बांधून आणलेले बाहेर ओट्यावर बसून खाल्ले.

कचेरीत गेलो तर शिष्यवृत्तीचे काम पाहणारे साहेब दुष्काळाच्या पाहणीला गेलेले. तीनपर्यंत येतील म्हणाले. तोवर भत्त्याचे काम उरकावे म्हणून मी हिशेबाच्या टेबलाशी गेलो. तिथे एक प्रौढ बाई होत्या, नाकावर चष्मा, समोर फॉर्म. तिघे माझ्यामागे बाकावर बसले.

बाईंनी पावत्या मांडल्या. "शनिवार चौदा. रविवार दहा. मंगळवार बारा. एकूण छत्तीस. सोमवार?"

"सोमवारी हॉटेलात खाल्ले नाही."

"बरं. मग छत्तीस भागिले तीन. रोजची सरासरी बारा. दहाच्या वर जाते. तुम्हाला दहा गुणिले तीन, तीस रुपये मिळतील."

मी खुर्ची पुढे ओढली. "अहो बाई, मी दौऱ्यावर चार दिवस आहे. भागायचे चाराने. छत्तीस भागिले चार, नऊ. दहाच्या आत. पूर्ण छत्तीस द्या."

"ज्या दिवशी हॉटेलात खाल्लंच नाही, तो दिवस हॉटेलच्या सरासरीत कसा धरायचा?"

"चार दिवसांची सरासरी चारानेच निघते. हा गणिताचा साधा नियम आहे. मी गणिताचा मास्तर आहे."

"असाल," बाई म्हणाल्या. "पण हा सरकारी नियम आहे. खाल्लेले दिवस तीन. सोमवार वजा."

मागे बाकावर कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. मी वळून पाहिले तर महानंदा मनातल्या मनात आकडे जुळवत होती आणि गुरुजी खिशातली पेनं नीट लावत होते. सहा रुपयांसाठी मी भर कचेरीत त्या पोरीविरुद्ध भांडत होतो, आणि सरकार तिच्या बाजूने उभे होते.

"बाई," मी म्हणालो, "हे असंच फॉर्मवर लिहाल? सोमवारी हॉटेलात न खाल्ल्यामुळे तीनने भागले, म्हणून?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "सहा रुपयांसाठी वर तक्रार करता का काय?"

"वर जाणारच आहे. पण तक्रार तुमची नाही."

त्यांनी लिहिले, सही केली आणि शिक्का मारला. शिक्का जुन्या जिल्ह्याचाच होता. नवा अजून यायचा होता.

साहेब आले साडेतीनला, बुटांवर दुष्काळाची धूळ घेऊन. मी भत्त्याचा फॉर्म आणि महानंदाची उत्तरपत्रिका शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी दोन्ही वाचले आणि आधी पाणी मागवले, मग विचार केला. ते म्हणाले, "मास्तर, माझ्याकडे दोनच रकाने आहेत. परीक्षार्थीची चूक, किंवा प्रश्न रचणाऱ्याची चूक. दयेचा गुण इथे चालत नाही. दुसऱ्या रकान्यात सही केलीत तर चाळीस हेही उत्तर धरता येईल, पाचच्या आत यादीत नाव चढेल. पण मग तुमचे नाव समितीवर राहणार नाही. तसा नियम आहे."

इथे मी थोर माणसासारखी चटकन सही केली असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. मी घड्याळ पाहिले. पुण्यातले सहकारी आठवले, अध्यक्षांचे तोंड आठवले, दर वर्षी छापून येणारे माझे नाव आठवले. 'संदिग्धता' असा एखादा मधला शब्द चालेल का, असे साहेबांना विचारूनही पाहिले. ते म्हणाले, तिसरा रकाना नाही. दाराच्या फटीतून अप्पा दिसत होते. ते हात जोडून बसले नव्हते, नुसते बसले होते, दुकानात गिऱ्हाईक नसताना बसत असतील तसे. मी टाइप केलेला अहवाल उभा-आडवा फाडला आणि कोऱ्या कागदावर लिहिले: 'सोमवारी कुटुंबाने हॉटेलात खाल्ले की नाही, हे मी गणितात सांगितले नाही, कारण मी त्याचा विचार केला नव्हता. चूक माझी आहे.' खाली सही केली. ती नांदेडच्या हॉटेलवाल्याइतकी वळणदार आली नाही.

पाचला दहा मिनिटे असताना महानंदाचे नाव यादीत चढले. अप्पांनी यादीतले नाव बोट फिरवून दोनदा वाचले. गुरुजी म्हणाले, "पुढच्या खेपेला घरी जेवायला या साहेब," आणि मी म्हणालो, येतो. महानंदाने माझ्या फॉर्मकडे बोट दाखवून सांगितले की बाईंनी गुणाकार बरोबर केला आहे, पण एकूण खाली लिहिताना ओळ चुकली आहे. ती खरोखरच चुकली होती.

रात्रीच्या बसने परत निघालो. पुण्यात पोचल्यावर आठ दिवसांत समितीचे पत्र आले: अकरा वर्षांच्या सेवेबद्दल आभार. त्याबरोबर नव्या सूचनाही होत्या. यापुढे गणितात वारांची नावे घालू नयेत, खाण्याचे पदार्थ घालू नयेत, शक्यतो माणसेही घालू नयेत. अध्यक्षांनी उपासावर शोधलेला हा उपाय वाचून मी खूप हसलो, आणि मग बायकोने विचारले तेव्हा हसण्याचे कारण मला धड सांगता आले नाही.

कारण वाईटही वाटत होते, आणि ते समिती गेल्याचे नव्हते. अकरा वर्षांत हजारो मुलांनी माझी कुटुंबे झटपट चाराने भागली, मी त्यांना गुण दिले, आणि पुढच्या गणिताकडे वळलो. त्या माणसांना भूक लागते, त्यांच्यात एखादा उपास करतो, त्यांच्याबरोबर दूध लागणारे एखादे लहान लेकरू असू शकते, हे सगळ्या महाराष्ट्रात एकाच मुलीच्या मनात आले. आणि तिचा त्याबद्दलचा एक गुण कापायला मी तयार अहवाल घेऊन गेलो होतो.